साक्षीदाराचा देव आणि राज्याचा कायदा

न्यायालयात उभ्या राहिलेल्या साक्षीदाराकडून शपथ घेतली जाते तेव्हा त्याच्या शब्दाला नेमका आधार कोणाचा असतो, ज्या देवाचे नाव तो घेतो त्या देवाचा, की ज्या राज्याच्या न्यायासनासमोर तो उभा असतो त्या राज्याचा, हा प्रश्न धर्मविचार आणि कायदा यांच्या सीमेवर पडणारा आहे आणि म्हणूनच या दोन्ही शास्त्रांनी तो बराच काळ एकमेकांकडे ढकलला. जेथे राजा, न्यायाधीश आणि साक्षीदार एकाच धर्माचे असतात तेथे या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची गरजच पडत नाही, कारण देव आणि राज्य एकाच बाजूला उभे आहेत असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. इंग्लंडमधील शपथविधी याच गृहीतावर उभा होता. ते गृहीत हिंदुस्थानात लागू पडत नाही हे लक्षात आल्यावर एकोणिसाव्या शतकातील वसाहतीच्या कायदेमंडळाला शपथेचा कायदा जवळजवळ पायापासून नव्याने बांधावा लागला, आणि तसे करताना श्रद्धेचे ओझे माणसावर कोण आणि कोणत्या अटीवर टाकू शकतो या मूलभूत प्रश्नाला त्याने, हेतू नसतानाही, उत्तर दिले.

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात शपथ म्हणजे बायबलवर हात ठेवून ईश्वराला साक्षी ठेवणे, आणि खोटे बोलल्यास त्याची शिक्षा स्वतःवर ओढवून घेणे. सतराव्या शतकाच्या आरंभी सर एडवर्ड कोक या विख्यात न्यायाधीशाने ख्रिस्ती नसलेले लोक हे ख्रिस्ती राज्याचे कायमचे शत्रू होत असे मत मांडले आणि अशा माणसाला साक्षीदारही होता येत नाही असे लिहून ठेवले. व्यापार साता समुद्रांपलीकडे गेल्यावर हे मत टिकण्यासारखे नव्हते. १७४४ साली कलकत्त्याचा व्यापारी ओमीचंद याने बार्कर नावाच्या प्रतिवादीविरुद्ध लावलेला दावा लंडनच्या चॅन्सरी न्यायालयापुढे आला. त्यातील हिंदू साक्षीदारांच्या जबान्या कलकत्त्यात ब्राह्मणाच्या पायाला स्पर्श करण्याच्या तेथील रीतीने नोंदवलेल्या होत्या, आणि त्या ग्राह्य धराव्यात की नाही हा मुद्दा लॉर्ड चॅन्सलर हार्डविक यांच्यासमोर उभा राहिला. न्यायालयाने जबान्या स्वीकारल्या. शपथ ही ख्रिस्ती धर्मापेक्षा जुनी असून ती सर्व मानवजातीत आढळते, तिचा विधी देशपरत्वे बदलू शकतो, मात्र सत्याला फळ आणि असत्याला दंड देणाऱ्या ईश्वरावर साक्षीदाराची श्रद्धा असली पाहिजे, अशी त्या निर्णयाची भूमिका होती.

हा निर्णय उदार होता यात शंका नाही. पण त्याने एक अडचण दूर करून दुसरी निर्माण केली. साक्षीदार कोणत्या देवाला मानतो हे पाहण्याची गरज उरली नाही, तरी तो देवाला मानतो की नाही, आणि तो देव दंड देणारा आहे की नाही, हे पाहणे न्यायालयाच्या माथी आले. न्यायाधीशाने एखाद्याच्या अंतःकरणातील श्रद्धेची परीक्षा घ्यावयाची म्हटले तर त्यासाठी त्याच्यापाशी साधन एकच असते, आणि ते म्हणजे त्या माणसाचे स्वतःचे सांगणे. जो खोटे बोलायलाच आला आहे तो आपण आस्तिक असल्याचे बिनदिक्कत सांगणार, आणि जो प्रामाणिकपणे आपली अश्रद्धा कबूल करील त्याचीच साक्ष बाद होणार. सत्य सांगणाऱ्यालाच त्याच्या सत्यकथनाबद्दल बाहेर काढणारी ही व्यवस्था तर्काच्या दृष्टीने पोकळ होती, आणि ती पोकळी इंग्लंडमध्ये पुढे शंभराहून अधिक वर्षे तशीच राहिली.

हिंदुस्थानात कंपनीचे राज्य आले तेव्हा येथे शपथेची स्वतःची शास्त्रपरंपरा होती. धर्मशास्त्राने पुराव्याचे दोन वर्ग केले होते: लेख, भोग म्हणजे प्रत्यक्ष वहिवाट, आणि साक्षी ही मानुष प्रमाणे, तर ती अपुरी पडली असता दिव्य, म्हणजे देवतेने निर्णय द्यावा यासाठी केलेली परीक्षा. याज्ञवल्क्यस्मृतीने तुला, अग्नी, जल, विष आणि कोश अशी पाच दिव्ये सांगितली आहेत. मानुष प्रमाण उपलब्ध असताना दैवी प्रमाणाकडे वळू नये हा येथील नियम विशेष लक्षात घेण्याजोगा आहे, कारण देवाला प्रत्येक किरकोळ भांडणात ओढू नये ही जाणीव त्यात स्पष्ट दिसते. मराठी मुलखात शिवकाळात आणि पेशवाईतही वतनाचे व सीमेचे तंटे गोतसभेपुढे, म्हणजे गावकरी व भाऊबंदांच्या सभेपुढे, चालत, बेलभंडार, म्हणजे बेलाची पाने आणि देवाचा भंडारा, उचलून शपथ घेतली जाई, आणि प्रसंगी रवादिव्य होई. त्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढावा लागे, मग हात पिशवीत बांधून त्यावर मोहोर केली जाई आणि काही दिवसांनी तो उघडून निर्णय दिला जाई. या व्यवस्थेत देव हा साक्षीदाराच्या मनातील धाक एवढाच नव्हता, तो निर्णय देणारा होता. वादी, प्रतिवादी, गोत आणि निवाडा करणारा अधिकारी या सर्वांची त्या देवावर सारखीच श्रद्धा असल्याने त्या निर्णयाला गावाची मान्यता मिळे.

कंपनीच्या न्यायालयांनी या परंपरेतील दिव्य टाकून दिले आणि शपथ ठेवली. हिंदू साक्षीदाराने गंगाजल हातात घ्यावे, मुसलमान साक्षीदाराने कुराणावर शपथ घ्यावी, असा प्रघात पडला. स्थानिक रीतीचा मान राखल्याचा समाधानकारक आभास त्यात होता; प्रत्यक्षात मात्र एक खोल गैरसमज त्याच्या मुळाशी होता. गावातील माणूस जी शपथ वर्षानुवर्षांत एखाद्या वेळी, सर्व उपाय संपल्यावर, आपल्या माणसांसमोर घेत असे, ती न्यायालयाने रोजच्या कामकाजाची पायरी करून टाकली. प्रतिष्ठित हिंदूंना गंगाजल हातात घेऊन बोलणे हेच मुळी अप्रतिष्ठेचे आणि पापाची भीती बाळगण्यासारखे वाटे, मग सांगायची गोष्ट कितीही खरी असो. कारण बोलण्यात अजाणता एखादी चूक राहिली तर तिचा दोष कुळावर येईल अशी त्यांची समजूत होती. म्हणजे जो श्रद्धाळू तो साक्षीला येण्याचे टाळू लागला, आणि ज्याला शपथेचे काहीच वाटत नव्हते तो निर्धास्तपणे येऊ लागला. शपथ श्रद्धावंतावर सर्वांत जड आणि अश्रद्धावर सर्वांत हलकी पडते, ही तिची मूळ विसंगती येथे रोजच्या व्यवहारात उघडी पडली.

१८३३ च्या सनदी कायद्याने साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी कायदे करण्याचा अधिकार गव्हर्नर-जनरल आणि त्याच्या कौन्सिलकडे एकवटला होता, आणि त्या कौन्सिलात कायदा सदस्य हे नवे पद निर्माण झाले होते. या कौन्सिलाने १८४० साली केलेला पाचवा कायदा हिंदू आणि मुसलमान यांच्या शपथांविषयी होता. गंगाजलावर, कुराणावर किंवा सदसद्विवेकाला न पटणाऱ्या अन्य प्रकारांनी शपथ घ्यायला लावल्यामुळे न्यायदानात अडथळा येतो, असे कारण त्याच्या प्रास्ताविकात दिले आहे. शपथेच्या जागी दृढकथन आले. दृढकथन म्हणजे कोणत्याही पवित्र वस्तूला स्पर्श न करता, सत्य सांगेन अशी गांभीर्यपूर्वक दिलेली हमी. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना इंग्लंडमध्ये १६९६ पासून दिवाणी कामात अशी सवलत होती, कारण शपथ मुळीच घेऊ नका हे ख्रिस्तवचन ते शब्दशः पाळत. मायदेशात एका लहानशा पंथासाठी केलेला अपवाद हिंदुस्थानात कोट्यवधी लोकांसाठी सर्वसाधारण नियम झाला.

तथापि १८४० चा कायदा देवापासून पूर्णपणे सुटलेला नव्हता. सर्वशक्तिमान ईश्वराच्या उपस्थितीत आपण हे दृढकथन करीत आहोत असे शब्द साक्षीदाराच्या तोंडी घातले होते. हा ईश्वर कोणता, असे पंढरपूरच्या वारकऱ्याने, जैन व्यापाऱ्याने किंवा ईश्वर न मानणाऱ्या मीमांसकाने विचारले असते तर कौन्सिलला उत्तर देणे अवघड गेले असते. कायदेमंडळाने येथे नकळत एक धर्मसिद्धान्त रचला होता: ज्याचे कोठेही देऊळ नाही, ज्याची कथा नाही, ज्याचा भक्त नाही असा एक सरकारी ईश्वर. सर्वांना चालेल असा देव घडवायला गेले की तो कोणाचाच उरत नाही, हा धोका पुढेही अनेक राज्यांच्या अनुभवास आला आहे. त्याआधीच इंग्लंडमध्ये जेरेमी बेंथम या तत्त्वचिंतकाने शपथेवरच आक्षेप घेतला होता. १८१७ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तिकेत त्याने असा युक्तिवाद केला की, शपथ घेतल्यामुळे ईश्वराची शिक्षा होते असे मानणे म्हणजे मनुष्य हुकूम सोडतो आणि ईश्वर त्याची अंमलबजावणी करतो असे मानणे होय. असत्याला ईश्वर शासन करणारच असेल तर ते शपथेवाचूनही करील, आणि करणार नसेल तर शपथेने त्याला भाग पाडता येणार नाही. हा आक्षेप श्रद्धावंताने अधिक गंभीरपणे घ्यावा असा आहे, कारण त्यात ईश्वराच्या स्वातंत्र्याचीच बाजू मांडलेली आहे.

यानंतरच्या तीन दशकांत शपथेचा भार हळूहळू देवावरून दंडशक्तीवर सरकला. १ जानेवारी १८६२ पासून अमलात आलेल्या भारतीय दंड संहितेने शपथ आणि दृढकथन यांना समान मानले आणि न्यायालयीन कामकाजात जाणूनबुजून खोटी साक्ष देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा ठेवली. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन याने घडवलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्याने साक्षीदाराच्या पात्रतेतून धर्माची कसोटी काढून टाकली. प्रश्न समजण्याची आणि सुसंगत उत्तर देण्याची कुवत एवढीच पात्रता उरली. १८७३ च्या शपथ कायद्याने हिंदू, मुसलमान आणि शपथेला हरकत असलेला कोणीही मनुष्य यांच्यासाठी शपथेऐवजी दृढकथन ठेवले, आणि शपथ देण्यात काही चूक झाली किंवा ती द्यायची राहून गेली तरी साक्ष निष्फळ होत नाही, सत्य सांगण्याचे बंधन कायम राहते, असेही स्पष्ट केले. या शेवटच्या तरतुदीत कोकच्या मताचा पूर्ण अंत होता, कारण सत्य सांगण्याचे कर्तव्य आता शपथेतून जन्मत नव्हते, ते शपथेच्या आधीच तेथे होते.

साम्राज्याच्या मध्यवर्ती देशात याच सुमारास काय चालले होते हे पाहिले म्हणजे या बदलाचे मोल कळते. १८८० साली नॉर्दॅम्प्टनमधून निवडून आलेले निरीश्वरवादी चार्ल्स ब्रॅडलॉ यांना पार्लमेंटात दृढकथन करू दिले गेले नाही, आणि ते शपथ घ्यायला तयार झाले तेव्हा नास्तिकाची शपथ खरी नव्हे म्हणून तीही नाकारली गेली. पुन्हा पुन्हा निवडून येऊन १८८६ साली त्यांना आसन मिळाले, आणि सर्वांना दृढकथनाचा हक्क देणारा इंग्लंडचा कायदा १८८८ साली त्यांच्याच प्रयत्नाने झाला. पुढच्याच वर्षी ते मुंबईत भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या (काँग्रेसच्या) अधिवेशनाला आले होते. ज्या देशाच्या न्यायालयात हरकत असलेल्या कोणालाही सोळा वर्षांपूर्वीपासून शपथेवाचून बोलता येत होते, त्या देशात त्यांचे स्वागत झाले.

परंतु १८७३ च्या कायद्याचा सर्वांत विचारप्रवर्तक भाग त्याच्या कलम ८ ते १२ मध्ये आहे. पुढच्या दाराने बाहेर काढलेल्या देवाला येथे कायदेमंडळाने बाजूच्या दाराने आत येऊ दिले, मात्र अगदी वेगळ्या अटींवर. एखाद्या पक्षकाराने किंवा साक्षीदाराने आपल्या जातीत वा धर्मात बंधनकारक मानल्या जाणाऱ्या रीतीने शपथ घेण्याची स्वतःहून तयारी दाखवली, तर न्यायालयाला ती देता येत असे. त्याहून पुढे जाऊन, अमुक शपथ प्रतिपक्षाने घेतली तर त्याचे म्हणणे मला मान्य असेल, असा प्रस्ताव एका पक्षकाराने केला आणि प्रतिपक्षाने ती शपथ घेतली, तर तिच्या आधारे दिलेली साक्ष प्रस्ताव करणाऱ्याविरुद्ध निर्णायक पुरावा ठरे. निर्णायक पुरावा म्हणजे ज्याच्याविरुद्ध दुसरा पुरावा ऐकलाच जात नाही असा. देवळात किंवा अन्य पवित्र जागी जाऊन शपथ घ्यायची असल्यास ती घेऊन नोंदवण्यासाठी न्यायालयाला माणूस नेमता येई.

रोमन कायद्यात आणि १८०४ च्या फ्रेंच नागरी संहितेत एका पक्षाने दुसऱ्याच्या शपथेवर वाद सोपवण्याची सोय होती. इंग्लंडच्या कायद्यात ती नव्हती. इस्लामी न्यायशास्त्रातही पुरावा वादीने द्यावा आणि तो नसल्यास नाकारणाऱ्याने शपथ घ्यावी हे सूत्र प्रसिद्ध आहे. म्हणजे हिंदुस्थानच्या कायदेमंडळाने येथे इंग्लंडचा कायदा थोडा सैल करून वापरला असे म्हणता येत नाही. जे इंग्लंडमध्ये नव्हतेच ते त्याने येथील लोकांच्या व्यवहारातून उचलले. तरीही हे जुन्या दिव्याचे पुनरुज्जीवन नव्हते. दिव्यात निर्णय देवाचा होता आणि तो सर्वांवर बंधनकारक होता. १८७३ च्या कायद्यात निर्णयाचे बळ देवाकडून येत नाही, ते प्रस्ताव करणाऱ्याच्या संमतीतून येते, आणि म्हणून ते त्याच्यापुरतेच मर्यादित राहते. न्यायाधीशाची बेलभंडारावर श्रद्धा असण्याची गरज नाही. आपला प्रतिपक्षी देवापुढे खोटे बोलणार नाही असा विश्वास एका वैऱ्याने दुसऱ्या वैऱ्यावर टाकलेला असतो, आणि कायदा त्या विश्वासाला फक्त अंमल देतो. भांडणाऱ्या दोन माणसांत सामायिक श्रद्धा उरलेली असेल तर ती त्यांची त्यांना वापरू द्यावी, पण राज्याने ती आपली म्हणून कोणावर लादू नये, हे तत्त्व शपथेच्या इतिहासात इतक्या नेमकेपणाने क्वचितच मांडले गेले असेल.

या कलमांना जोडलेल्या दोन मर्यादा तर स्वतंत्र चिंतनाला पात्र आहेत. पहिली अशी की शपथ न्यायाला किंवा सभ्यतेला विसंगत नसावी आणि तिने तिसऱ्या कोणा व्यक्तीवर परिणाम होईल असे भासवलेले नसावे. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मराठी घरांत आजही सर्वांत कडक मानली जाते, आणि तिला शास्त्राधारही आहे, कारण बायको-मुलांच्या मस्तकाला स्पर्श करवून शपथ देण्याचा विधी मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सांगितला आहे. कायदेमंडळाने नेमका हाच प्रकार वगळला. बापाने स्वतःचे पुण्य, धन किंवा परलोक पणाला लावावा, तो त्याचा आहे. पण मुलाचे आयुष्य त्याच्या मालकीचे नाही, आणि जे आपले नाही ते देवापुढे तारण ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही, असा या मर्यादेचा अर्थ निघतो. मूल हे कुळाचा अंश की स्वतंत्र व्यक्ती, या प्रश्नावर येथे कायद्याने शास्त्राशी मतभेद नोंदवला आहे, आणि या एका मुद्द्यावर कायद्याची बाजू निःसंशय श्रेष्ठ आहे. त्यासाठी शास्त्रपरंपरेबाहेर जाण्याचीही गरज नव्हती, कारण आपला आत्माच आपला साक्षी आहे, त्याची अवहेलना करू नये, हे त्याच अध्यायात सांगितले आहे, आणि ज्याचा साक्षी त्याच्या स्वतःच्या अंतरात आहे त्याला दुसऱ्याचे मस्तक लागत नाही.

दुसरी मर्यादा नकाराविषयीची होती. प्रतिपक्षाने मागितलेली शपथ घेण्यास एखाद्याने नकार दिला तर त्याच्यावर सक्ती करता येत नसे. शपथेचे स्वरूप, ती नाकारल्याची गोष्ट आणि त्याने सांगितलेले कारण एवढेच न्यायालयाने नोंदवायचे असे. नकार म्हणजे अपराधाची कबुली, हा सर्वसामान्य माणसाचा समज या तरतुदीने कायद्यात शिरू दिला नाही. देवाचे नाव पैशाच्या वादात घ्यायचे नाही म्हणून हरायला तयार होणारा माणूस श्रद्धेच्या दृष्टीने शपथ घेणाऱ्यापेक्षा वरचढ असू शकतो, याची दखल कायद्याच्या रुक्ष शब्दांत घेतली गेली, हे आदराने नमूद केले पाहिजे.

या साऱ्याचे श्रेय कोणाला द्यावे याविषयी मात्र सावध राहणे आवश्यक आहे. कायदे करणारे कौन्सिल लोकांनी निवडलेले नव्हते. १८६१ च्या कायद्यानंतर त्यात नेमलेले मोजके हिंदी सदस्य आले, त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातून आलेले, ग्वाल्हेरचे दिवाण राहिलेले दिनकरराव राजवाडे हे १८६२ साली पहिल्या तिघांपैकी एक होते, पण ज्यांच्या देवाविषयी कायदा व्हायचा त्या रयतेचा आवाज तेथे पोचत नव्हता. श्रद्धेच्या स्वातंत्र्याचे तत्त्व प्रस्थापित करावे अशा उद्देशाने हे कायदे झाले नाहीत. खोट्या साक्षी कमी व्हाव्यात, प्रतिष्ठित लोक न्यायालयात यावेत आणि दावे लवकर निकालात निघावेत ही प्रशासनाची निकड त्यांच्यामागे होती. मात्र परक्या राज्याला लोकांच्या देवाचे नाव घेण्याचा नैतिक अधिकार नव्हता, आणि नेमक्या या अधिकाराच्या अभावानेच त्याला ते नाव वापरण्याआधी लोकांची संमती विचारायला भाग पाडले. स्वधर्मीय राज्याला ही अडचण जाणवत नाही, म्हणूनच त्याच्या हातून ही चूक अधिक सहज होते.

स्वतंत्र भारताने १९६९ साली नवा शपथ कायदा करून १८७३ चा कायदा रद्द केला आणि पक्षकारांनी परस्परांच्या शपथेवर वाद सोपवण्याची तरतूद त्यात ठेवली नाही. पाकिस्तानात मात्र ती टिकून राहिली, आणि कुराणावरील शपथेवर दावा सोपवण्याचे प्रस्ताव तेथील न्यायालयांत अजूनही होतात. भारतातील साक्षीदाराला आज ईश्वराच्या नावाने शपथ किंवा दृढकथन यांपैकी एक निवडता येते. चित्रपटांतून रूढ झालेल्या गीतेवरील शपथेचा उल्लेख ना १८७३ च्या कायद्यात आहे, ना १९६९ च्या. नव्या कायद्यातील सर्वांत अर्थपूर्ण तरतूद मात्र लहान मुलांविषयीची आहे. बारा वर्षांखालील मुलाला शपथ किंवा दृढकथन म्हणजे काय हे कळत नसले, पण खरे बोलले पाहिजे एवढे कळते असे न्यायालयाला वाटले, तर त्या मुलाला शपथ दिली जात नाही, त्याची साक्ष ग्राह्य धरली जाते आणि सत्य सांगण्याचे बंधन त्याच्यावर तसेच राहते.